नागपूरचा वसंतराव देशपांडे संगीत समारोह: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

जुलै लागला की नागपुरात नव्याने आलेले लोक, म्हणजे मिहानमध्ये (विमानतळाजवळच्या औद्योगिक वसाहतीत) नोकरीला लागलेले, मेडिकलला प्रवेश मिळालेले, बदलीवर आलेले, मला हमखास विचारतात, "गाण्यातलं काही कळत नाही, तरी आलं तर चालेल का?" चालेल काय, धावेल. तिथे बसलेल्या निम्म्या लोकांना राग ओळखता येत नाही, आणि उरलेल्यांपैकी बरेच जण शेजाऱ्याला हळूच विचारून घेतात. न कळल्यामुळे कुणाची संध्याकाळ वाया गेलेली मी पाहिली नाही. वाया जाते ती उशिरा पोचल्यामुळे, उपाशी पोटी बसल्यामुळे, किंवा खरं गाणं सुरू व्हायच्या आत उठून गेल्यामुळे. म्हणून हा लेख रागांपेक्षा जास्त या बाकीच्या गोष्टींबद्दल आहे.

समारोह कुणाच्या नावाने होतो, एवढं आधी माहीत असू द्या. वसंतराव देशपांडे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे, जन्म २ मे १९२०. लहानपणीच नागपूरला आले आणि इथे शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचं शिक्षण सुरू झालं. पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा राग शिकले, सुरेशबाबू माने यांच्याकडेही शिकले. आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली आणि गाणं त्या नोकरीतून वेळ काढून सांभाळलं. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक रंगभूमीवर आलं आणि त्यातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेमुळे ते घरोघरी पोचले. ३० जुलै १९८३ ला ते गेले. त्यांच्या स्मृतिदिनाच्या आसपास दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र हा समारोह भरवतं. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहालाही त्यांचंच नाव आहे.

१. तारीख आणि जागा पक्की करा

समारोह साधारण तीन संध्याकाळींचा असतो. जुलैचा शेवट किंवा ऑगस्टची सुरुवात धरून चला, पण नेमकी तारीख दरवर्षी मागेपुढे होते. मागच्या वर्षीच्या पोस्टरवर विसंबून सुट्टी टाकू नका. आठ-दहा दिवस आधी मराठी वर्तमानपत्रांच्या शहर पुरवण्यांत बातमी येते, केंद्राच्या फेसबुक पानावर कार्यक्रमपत्रिका पडते. ती मोबाइलमध्ये साठवून ठेवा.

जागेचा घोळ नवख्यांना नडतो. केंद्राचं स्वतःचं आवार सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहही सिव्हिल लाइन्समध्येच, पण दोन्ही एक नव्हेत. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह तर पार दुसऱ्या टोकाला. पत्रिकेवर सभागृहाचं पूर्ण नाव वाचा. ऑटोवाल्याला नुसतं "देशपांडे हॉल" म्हटलं तरी पुरतं. तो उलट विचारेल, "आमदार निवासाजवळचा ना भाऊ?" तुम्ही हो म्हणा.

प्रवेश बहुधा विनामूल्य असतो. पुढच्या काही रांगा निमंत्रितांसाठी राखीव आणि बाकी सगळं आधी येईल त्याला. त्यामुळे तिकीट मिळेल की नाही ही धाकधूक नसते, धाकधूक असते ती खुर्चीची.

२. तीनही दिवस जायचा हट्ट धरू नका

पहिल्या वर्षी एक किंवा फार तर दोन संध्याकाळी. एका संध्याकाळी साधारण दोन-तीन कलाकार असतात. चार तास सलग ऐकायची सवय नसलेला माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळलेलाच असतो, आणि मग "शास्त्रीय आपल्याला झेपत नाही" असा निकाल देऊन मोकळा होतो.

दिवस निवडायची माझी साधी रीत अशी: पत्रिकेत गायन, वादन आणि नृत्य यांपैकी दोन गोष्टी ज्या दिवशी असतील तो दिवस घ्या. बासरी, सतार किंवा संतूर असेल तर नवख्या कानाला सोपं जातं, कारण शब्द समजत नाहीत ही अडचणच उरत नाही. कथक असेल तर मुलंही रमतात. नुसत्या मोठ्या नावामागे धावू नका. पहिल्या सत्रात गाणारा विदर्भातला तरुण कलाकार पुष्कळदा जीव ओतून गातो, आणि त्या वेळी सभागृह अर्धं रिकामं असतं. मला तर वर्षभर लक्षात राहिलेली गाणी अशाच सत्रांतली आहेत.

३. सोबत काय घ्यायचं

ओळखपत्र, पास, अर्ज असली कसलीही कागदपत्रं लागत नाहीत. दुचाकीवर येणार असाल तर गाडीचे कागद आणि हेल्मेट तेवढं हवं. बाकी पिशवीत हे असू द्या:

- छत्री किंवा रेनकोट, आणि ओली छत्री ठेवायला एक प्लास्टिकची थैली. या थैलीचं महत्त्व शेजारच्याच्या पायावर पाणी ठिबकायला लागलं की कळतं.
- पातळ शाल किंवा ओढणी. बाहेर चिकचिक आणि आत वातानुकूलन. पावसात भिजून आत बसलात तर तासाभरात दात वाजतात.
- पाण्याची छोटी बाटली.
- खोकल्याची गोळी. कागद आधीच सोडवून ठेवा. आलापात, म्हणजे संथ स्वरविस्तार चालू असताना, चुरचुर वाजणारा कागद खोकल्यापेक्षा वाईट.
- मेट्रोचं महा कार्ड असेल तर ते, आणि ठेल्यांसाठी थोडे सुटे पैसे. पाऊस पडला की मोबाइलचं नेटवर्क रुसतं.
- वही-पेन, वाटलं तर. कलाकार रागाचं आणि बंदिशीचं (त्यात बांधलेल्या गाण्याचं) नाव सांगतात, ते टिपून घेतलं की घरी जाऊन पुन्हा ऐकता येतं.

४. दुपार मोकळी असेल तर

कार्यक्रम संध्याकाळी असतो. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी, किंवा शहरात राहूनही बर्डीपलीकडे (सीताबर्डीच्या बाजारापलीकडे) न गेलेल्यांनी, त्या दिवशीची दुपार सत्कारणी लावावी. दोनच ठिकाणं सांगते.

पहिलं अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ सालचं आहे आणि सिव्हिल लाइन्समध्येच, सभागृहापासून लांब नाही. दगडी मूर्ती, शिलालेख, शस्त्रं, पेंढा भरलेले प्राणी हे सगळं आहेच, पण आदिवासी कलेच्या दालनात जास्त वेळ द्या. सोमवारी बंद असतं आणि संध्याकाळी लवकर आटोपतं, म्हणून दुपारीच उरका.

दुसरं ठिकाण मला जास्त आवडतं, ते चितार ओळ. महालाजवळची मूर्तिकारांची ही जुनी वस्ती. मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गावर चितार ओळी चौक नावाचं स्टेशनच आहे. गणेशोत्सव महिन्याभरावर आलेला असतो, त्यामुळे या दिवसांत ओळीतली घरं पुढून मागून मूर्तींनी भरलेली असतात. लाकडी पाट्यावर तणस सुतळीने करकचून बांधून सांगाडा उभा केलेला, त्यावर मातीचा पहिला जाड थर, तो वाळताना पडलेल्या भेगा, आणि त्या भेगांत ओली माती बोटाने भरत बसलेला एखादा पोरगा. पावसाळी हवेत माती लवकर वाळत नाही, म्हणून काही ठिकाणी पंखे लावलेले दिसतील. रंग सगळ्यात शेवटी, आणि त्यातही डोळ्यांची आखणी अगदी शेवटी, घरातल्या जाणत्या हाताने. फोटो काढण्याआधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, पण डोळे आखत असलेल्या माणसाला मात्र विचारूसुद्धा नका. घरच्या गणपतीची मूर्ती इथेच सांगून ठेवायची असेल तर हीच वेळ आहे. उशीर केला की उरलेल्यांतून निवडावी लागते.

सीताबर्डीचा किल्ला बघायचा बेत करत असाल तर थांबा. तो सामान्य लोकांसाठी फक्त २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतात.

५. खाण्याची वेळ सांभाळा

नागपुरात येऊन गाणं ऐकायचं आणि खायचं नाही असं होत नाही. प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

*सकाळी* तर्री पोहे. कस्तुरचंद पार्काच्या बाजूला सकाळी ठेल्यांवर गर्दी दिसेल, तिथे थांबा. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर चिरलेला कांदा, शेव आणि लिंबू. पहिल्यांदा खाताना तर्री वाटीत वेगळी मागा आणि आपल्या बेताने घाला. ठेलेवाला हसेल, हसू द्या.

*दुपारी* जेवण हलकं. वडाभात किंवा गोळाभात मिळाला तर उत्तम. वडाभातात तळलेला वडा गरम भातावर कुस्करतात आणि वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी देतात. गोळाभातात बेसनाचे मसालेदार गोळे भाताबरोबरच शिजवलेले असतात, त्यावर फोडणीचं तेल घ्यायचं आणि सोबत चिंचेचं सार किंवा कढी. सांबारवडीही बघा, बेसनाच्या पातळ पारीत कोथिंबीर, खोबरं आणि खसखशीचं सारण भरून तळलेली. दोन खाल्ल्या की पोट भरतं, तिसरी खाल्ली तर सभागृहात झोप येते.

*कार्यक्रमाआधी* पाचच्या सुमारास चहा आणि काहीतरी कोरडं: आलूबोंडा, मूंगवडा, पावसात भाजलेला भुट्टा. एवढंच. सावजी या वेळी मुळीच नको. पहिल्या आलापात घसा खवखवायला लागला की ना तुम्हाला ऐकू येतं, ना तुमच्या रांगेतल्या कुणाला.

*रात्री* मात्र सावजी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं हे जेवण. पूर्वी जवसाच्या तेलात करत. भरपूर भाजलेल्या मसाल्याचा काळपट लाल रस्सा आणि वर तरंगणारा तेलाचा थर. गोळीबार चौक आणि महालाकडची जुनी भोजनालयं साधी असतात, सजावट शोधू नका. ज्वारीची भाकरी मागा, पोळीपेक्षा ती तिखट चांगलं झेलते. "कमी तिखट करा" म्हणण्यात अर्थ नाही, रस्सा आधीच झालेला असतो. वरची तर्री चमच्याने बाजूला सारा आणि कांदा-लिंबू भरपूर घ्या. समारोह आषाढात आला तर मटण, श्रावणात आला तर पुष्कळ घरांत ते बंद. तेव्हा पाटोडी रस्सा आणि डाळकांदा. हे पदार्थ मटणाऐवजी म्हणून खायचे नाहीत, ते स्वतःच्या जोरावर उभे आहेत. डाळकांदा तर मी मटण मिळत असतानाही मागवते.

एक सूचना पाहुण्यांसाठी: या दिवसांत नागपुरात येऊन संत्री शोधू नका. अंबिया बहाराची फळं ऑक्टोबरनंतर येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चकडे. जुलैत कुणी "नागपुरी संत्रा" म्हणून काही विकत असेल तर तो नागपूरचा नव्हे. संत्रा बर्फी बाराही महिने मिळते, ती घरी न्या.

६. सभागृहापर्यंत

मेट्रोने आलात तर झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्क स्टेशनला उतरा आणि तिथून ऑटो किंवा ई-रिक्षा घ्या. अ‍ॅक्वा मार्गावरून येणाऱ्यांनी सीताबर्डीला गाडी बदलायची. मीटरने चालणारा ऑटो मिळाला तर नशीब समजा, नाहीतर बसण्याआधी भाडं ठरवा. चारचाकी आणत असाल तर अर्धा तास आधी पोचा, आवार भरलं की रस्त्याच्या कडेला लावावी लागते आणि पावसात ती कड चिखलाची असते.

वेळेचं गणित असं: पत्रिकेवर सहा लिहिलं असेल तर दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, भाषणं यांत थोडा वेळ जातो. हे हेरून काही जण मुद्दाम पावणेसातला येतात. त्यांना मागच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची मिळते. तुम्ही साडेपाचला दारात असा.

७. कुठे बसायचं

पहिल्या रांगेची हाव सोडा, ती तुमची नाहीच. सगळ्यात चांगली जागा मधल्या भागात, साधारण सहाव्या ते दहाव्या रांगेत, तबलजीच्या बाजूला. गायकाचा चेहरा दिसतो, आणि तबल्यावरचे हात दिसतात. ताल समजायला हात दिसणं फार उपयोगी पडतं. पुढच्या टप्प्यात ते येईलच. लाउडस्पीकरच्या अगदी समोर बसू नका. लहान मुलं किंवा वयस्क सोबत असतील तर रांगेच्या टोकाला बसा, म्हणजे उठताना कुणाचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत.

रुमाल टाकून पाच खुर्च्या अडवणारी एक काकू दरवर्षी असते. वाद घालू नका. कार्यक्रम सुरू झाला की स्वयंसेवक त्या खुर्च्या सोडवतात.

८. ऐकायचं कसं

इथेच नवखे हात टेकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

*सूर लावणं चालू असताना.* कलाकार बसतात आणि पाच-सात मिनिटं नुसते तारा पिळतात, तबल्याच्या गजऱ्यावर हातोडीने ठकठक करतात. लोक इथेच मोबाइल काढतात. जुलैतल्या दमट हवेत तबल्याचं कातडं सैल पडतं, सूर उतरतो, म्हणून या दिवसांत हे जरा जास्तच चालतं. तानपुऱ्याकडे कान द्या. चार तारा आहेत: पहिली बहुधा पंचमाला (प), मधल्या दोन षड्जाला (सा), शेवटची खालच्या षड्जाला. पंचम वर्ज्य असलेला, म्हणजे पंचम न घेणारा राग असेल तर पहिली तार मध्यमाला (म) किंवा निषादाला (नी) लावतात. ती घुमणारी आस संपूर्ण मैफलभर बदलत नाही. हरवलात तर तिच्याकडे परत या.

*बडा ख्याल.* ही संथ लयीतली मोठी रचना. गायक हळू सुरुवात करतो, आणि काहीच घडत नाही असं वाटतं. शब्द चार ओळींचे आणि अर्धा-पाऊण तास तेच. उठून जाण्याचा मोह याच वेळी होतो आणि याच वेळी बसून राहायचं असतं. दोन गोष्टी करा. एक, गायक कोणत्या स्वरावर पुन्हा पुन्हा येऊन थांबतो ते बघा. खालच्या स्वरांत रेंगाळून तो हळूहळू वर चढतो आणि वरच्या षड्जाला पोचायला मुद्दाम उशीर लावतो. जेव्हा पोचतो तेव्हा सभागृहातून "आहा" निघते, ती त्या उशिराला मिळालेली दाद असते.

दोन, सम पकडा, म्हणजे तालाच्या प्रत्येक आवर्तनाची (फेरीची) पहिली मात्रा. विलंबित, म्हणजे संथ गाणं, बहुधा एकतालात असतं, बारा मात्रांच्या (ठोक्यांच्या). तबल्याचे बोल असे: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, क त्ता, धागे तिरकिट, धी ना. सगळं मोजत बसायची गरज नाही. फक्त 'तिरकिट' ओळखायला शिका. बाकी बोल सुटे-सुटे असतात, हा मात्र घाईघाईने वाजणारा बारीक बोल आहे आणि आवर्तनात दोनदा येतो. दुसरं तिरकिट ऐकू आलं की कान टवकारा: आता धी, ना, आणि धपकन सम. त्याच सुमारास गायक बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचा तुकडा) उचलतो आणि दोघं एकत्र उतरतात. तीन-चार वेळा हे हाती लागलं की तुमची मान आपोआप हलायला लागते. पुढच्या रांगेतले जाणकार मान हलवतात ती याच जागेवर.

*छोटा ख्याल, द्रुत गत (वाद्यावरची जलद रचना).* लय वाढते, ताल बहुधा तीनतालाचा, सोळा मात्रांचा. तबलजीच्या डाव्या हाताकडे बघा. नवव्या मात्रेच्या आसपास बायाचा (डाव्या हाताखालच्या वाद्याचा) घुमारा गायब होतो, ती 'खाली', म्हणजे तालाची रिकामी जागा. घुमारा परत आला की सम जवळ आली. शेवटी तोच तुकडा तीनदा वाजवून बरोबर समेवर आणून सोडतात, ती तिहाई. टाळी तिहाईनंतर.

जॅझ ऐकणाऱ्या एका सहकाऱ्याला मी पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा त्याला माझ्यापेक्षा लवकर गंमत कळली. ठरलेली धून आधी मांडायची, मग प्रत्येकाने आपापलं तिथल्या तिथे रचत जायचं, एकमेकांना उत्तरं द्यायची आणि पुन्हा धुनीवर परतायचं, हे त्याच्या सवयीचं होतं. त्याची फसगत टाळ्यांत झाली. जॅझमध्ये प्रत्येकाचा एकट्याचा भाग संपला की टाळ्या पडतात. इथे आलापात कुणी टाळी वाजवली तर सगळे मागे वळून बघतात. "वाह", "क्या बात है" हळू आवाजात केव्हाही चालतं. तुम्हीही पाश्चात्त्य संगीतातून येत असाल तर आणखी एक सांगते: स्वरमेळ बदलत जाण्याची वाट बघू नका, तो बदलणार नाही. सगळा खेळ एका षड्जाभोवती आहे.

*कोणते राग कानावर पडतील.* कार्यक्रम संध्याकाळचा, म्हणून सूर्यास्ताच्या वेळचे मारवा, पूर्वी, श्री, मग यमन, बिहाग, रात्र चढली की बागेश्री, मालकंस, दरबारी. भैरव, तोडी असे सकाळचे राग इथे सहसा मिळायचे नाहीत. मारवा गायला गेला तर लक्ष द्या, वसंतरावांचं नाव या रागाशी घट्ट जोडलेलं आहे. पंचम नाही, रिषभ (रे) कोमल, आणि षड्जावर गायक टेकतच नाही म्हणावं इतका कमी टेकतो, त्यामुळे ऐकताना एक अस्वस्थता राहते. ती रागाची आहे, तुमची नाही. शिवाय पावसाचे दिवस, तेव्हा मल्हार असणारच. मियाँ मल्हारात दोन्ही निषाद जवळजवळ येतात आणि कोमल गंधार (ग) झुलवत घेतात, तो झुलता गंधार कानाला लागला की मल्हार पुढच्या वेळी सांगावा लागत नाही.

*नाट्यगीत, ठुमरी, भजन.* शेवटी येतं. नाट्यगीत या समारोहात लोकांना हवंच असतं. फर्माईश करायची असेल तर चिठ्ठी स्वयंसेवकाकडे द्या. मागून ओरडून मागितलेलं गाणं कलाकार हसून टाळतात. भैरवी सुरू झाली म्हणजे त्या कलाकाराचं गाणं आटोपत आलं.

९. मधे उठायचं असेल तर

दोन कलाकारांच्या मधल्या वेळात उठा. तेच जमत नसेल तर एक चीज, म्हणजे एक बंदिश, संपून टाळ्या पडत असताना. मोबाइल नुसता शांत नको, पडदा उजेड टाकतो म्हणून पिशवीतच ठेवा. पूर्ण गाणं रेकॉर्ड करण्याच्या भानगडीत पडू नका, बहुतेक वेळा मनाई असते आणि हात वर धरून बसलेला माणूस स्वतः काही ऐकत नाही. खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) तोंडात ठेवून आत येऊ नका. हे लिहावं लागतं, कारण नागपूर आहे.

मुलांना जरूर आणा. एक चीज ऐकवा, कंटाळली की बाहेरच्या व्हरांड्यात न्या, पुन्हा कथकला आत आणा. तीन तास दटावून बसवलेलं मूल पुन्हा कधी येत नाही.

१०. परतताना

कार्यक्रम दहाच्या आसपास संपतो, कधी लांबतो. मेट्रोची शेवटची गाडीही त्याच सुमारास असते, तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवू नका. आणि शेवटची भैरवी सोडून स्टेशनकडे पळायचं असेल तर मग आलातच कशाला. रात्री सिव्हिल लाइन्सचे रस्ते सामसूम असतात, पाऊस असला की ऑटो मिळत नाही. ऑटोवाल्याशी येतानाच परतीचं बोलून ठेवा, किंवा पाच-सहा जण मिळून गाडी करा. एकट्या मुलींनी हॉलच्या आवारातूनच अ‍ॅपवरून गाडी बोलवावी, ती दाराशी आल्यावरच बाहेर पडावं. होस्टेलवर राहणाऱ्यांनी दार किती वाजता बंद होतं ते आधी विचारून घ्या आणि वॉर्डनला पत्रिका दाखवून ठेवा.

सावजीला जायचं असेल तर भोजनालयात आधी फोन करा. साडेदहानंतर बऱ्याच ठिकाणी भाकऱ्या संपलेल्या असतात, आणि भाताबरोबर तो रस्सा निम्मा लागतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं ठरलं तर वहीत टिपलेल्या रागाचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण सकाळी पोहे खाताना ऐका. आणि साडेपाचला दारात.